पहिलीच्या मुलाखतीला पोराला काय काय शिकवून नेऊ?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचलं. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. पुसद तालुक्यातला तांडा, चार एकर कोरडवाहू, ताई दहावी आणि पोराचे बाबा बारावी शिकलेले. पोरगा येत्या मे महिन्यात सहा वर्षाचा पूर्ण होते. गावापासून चौदा किलोमीटरवर एक इंग्लिश मिडीयम शाळा आहे, तिथं पहिलीचा फॉर्म भरला आणि आता तिघांनाही 'इंटरॅक्शन'ला बोलावलं. ताईंनी फ्लॅशकार्ड आणले, रोज संध्याकाळी घोकून घेणं चालू आहे, आणि आता पोरगं पाहुणे आले की कोठीत जाऊन लपते. एका रविवारी दिरानं खोटी खोटी मुलाखत घेतली तर तोंडच उघडलं नाही त्यानं, ताईंचा हात उठला, आणि नंतर रात्रभर झोप नाही लागली. पोराचे बाबा म्हणतात मले इंग्रजी येत नाही मी येत नाही. दीर म्हणतात बाप 'बिझनेस' अन् आई 'ग्रॅज्युएट' लिहा, तांड्याचं नाव नका घेऊ. प्रश्न एवढाच विचारला आहे की कमी दिवसात पोराला काय काय शिकवू.

ताई, पहिलं काम म्हणजे ते फ्लॅशकार्ड आजच्या आज बंद करा. हात उठला त्याचं इतकं मनाला लावून घेऊ नका, पण पोराला जवळ घेऊन एकदा स्पष्ट सांगा की तुला काही येत नाही म्हणून नाही मारलं, मलाच टेन्शन आलं होतं. सहा वर्षाच्या लेकराला हे समजते, चांगलंच समजते. तो बोलत नाही कारण त्याला 'ॲपल' येत नाही असं नाही हो, त्याला हे कळलं आहे की चुकलं की आईचा चेहरा बदलते. मग गप्प राहिलेलं बरं, एवढा हिशोब ते लेकरू करते. हे निस्तरलं नाही तर मुलाखतीच्या दिवशी कोणतीही तयारी कामी येणार नाही.

आता कायद्याचं ऐका, कारण हे कुणी सांगत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्याचं कलम 13 म्हणते की प्रवेश देताना मुलाची किंवा आईवडिलांची कोणतीच चाळणी परीक्षा घेता येत नाही, आणि डोनेशनही घेता येत नाही. चाळणी लावली तर पहिल्या वेळी 25 हजारापर्यंत दंड आणि पुढच्या प्रत्येक वेळी 50 हजारापर्यंत, डोनेशन घेतलं तर त्याच्या दहापटीपर्यंत दंड. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही असं सुप्रीम कोर्टानं 2014 मध्ये ठरवलं, तेवढा अपवाद सोडा. म्हणजे 'तुमचं शिक्षण कमी म्हणून मुलाला घेत नाही' किंवा 'मुलाला एबीसीडी आली नाही म्हणून घेत नाही' असं कोणती शाळा म्हणत असेल तर ते चुकीचं आहे, मग बोर्डावर इंटरॅक्शन लिहा नाहीतर गप्पागोष्टी लिहा.

मग जायचं की नाही? जा. खुशाल जा, तिघंही जा. खाजगी शाळा बोलावतात हे खरं आहे आणि पहिल्याच दिवशी कायदा दाखवून भांडण करा असं मी म्हणणार नाही. पण जाताना डोक्यात हे ठेवून जा की आपण शाळा पाहायला चाललो. बैल घ्यायचा म्हटलं तर पोराचे बाबा दात पाहतील, चालवून पाहतील, चार जणांना विचारतील, आणि इथं पोराची दहा वर्षं अन् घरचा कापसाचा पैसा द्यायचा आहे तर आपणच मान खाली घालून बसायचं, काहून?

तर विचारायचं काय ते सांगतो. सगळ्यात आधी मान्यता. आपल्याकडं तालुक्याच्या गावात बोर्डावर मोठ्या अक्षरात 'सीबीएसई पॅटर्न' लिहिलेलं राहते, ते आणि सीबीएसईची संलग्नता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संलग्नता असेल तर नंबर राहते, तो मागा, सीबीएसईच्या वेबसाईटवर टाकून पाहता येते. सोबत शाळेचा 11 अंकी युडायस नंबर, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा नंबर, विचारा आणि कितवीपर्यंत सरकारी मान्यता आहे ते विचारा, कारण चौथीपर्यंतची मान्यता अन् सातवीपर्यंतचे वर्ग असं झालं की टीसीच्या वेळी पालक रडकुंडीला येतात. मग पहिलीच्या एका वर्गात किती पोरं बसवता? कायद्यात पहिली ते पाचवीला 30 पोरामागं एक शिक्षक धरला आहे. पहिलीला शिकवणाऱ्या मॅडम किती वर्षापासून आहेत, दरवर्षी बदलतात का? बस तांड्यापर्यंत येते का फाट्यापर्यंतच, आणि सकाळी किती वाजता? मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडं शाळा सकाळची होते, पोरगं पाच वाजता उठून उपाशी बसमध्ये बसणार अन् बाराच्या उन्हात घरी येणार असं असेल तर त्याचा विचार आत्ताच करा. पाण्याची आणि संडासची सोय स्वतः जाऊन पाहा, विचारू नका, पाहा.

आणि ते पंधरा हजार 'डेव्हलपमेंट'चे मागितले असं तुम्ही लिहिलं. पावती मागा, वर्षाची सगळी फी लेखी मागा. पावती देत नसतील तर पैसे देऊ नका, एवढं साधं आहे.

तुम्हाला काय विचारतील? बहुतेक ठिकाणी तेच राहते, आमचीच शाळा का, घरी अभ्यास कोण घेणार, घरात कोण कोण आहे, फी कशी भरणार, मुलाला काय आवडते. याची उत्तरं मराठीत द्या. पोराचे बाबा मराठीतच बोलले तर काय बिघडणार, मुख्याध्यापकही इथलेच राहतात बहुतेक, त्यांच्याही घरी आंबाडीची भाजीच होते. फक्त आधी दोघांनी बसून एक गोष्ट ठरवा की घरी रोज अर्धा तास पोराजवळ कोण बसणार. वेचणीच्या दिवसात तुम्ही दोघंही वावरात असता, तेव्हा कोण? आजी बसेल तर आजी सांगा. आजीला वाचता येत नाही तरी चालते, पोरगं आजीला वाचून दाखवेल.

बिझनेस अन् ग्रॅज्युएट अजिबात लिहू नका. एक तर कागद मागितले की उघडं पडते, आणि दुसरं म्हणजे पोरासमोर बसून तुम्ही खोटं बोलणार आणि ते ऐकणार, बाप शेतकरी आहे हे लपवायची गोष्ट आहे असं त्याच्या डोक्यात बसणार. तांड्याचं नाव तर बिलकुल लपवू नका. गहुली तुमच्याच तालुक्यात आहे, तिथल्या तांड्यातले वसंतराव नाईक 1963 ते 1975 या राज्याचे मुख्यमंत्री होते, हे दिरांना आठवण करून द्या.

तांड्याचं नाव घेण्यात तुमचा फायदाही आहे. बंजारा समाज विमुक्त जातीत येते, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं खाजगी शाळेत ठेवलेल्या 25 टक्के राखीव जागांसाठी तुम्ही वंचित घटकात बसता आणि वंचित घटकाला उत्पन्नाची अट नाही. एक लाखाची अट खुल्या गटातल्या आर्थिक दुर्बलांना आहे, ती ऐकून आपली बरीच माणसं फॉर्मच भरत नाहीत. फॉर्म ऑनलाईन राहते, दहा शाळा निवडता येतात, लॉटरी निघते, नंबर लागला तर फी सरकार शाळेला देते. तारखा दरवर्षी पुढंमागं होतात म्हणून पंचायत समितीच्या शिक्षण विभागात आत्ताच विचारून ठेवा. दोन अडचणी सांगतो. शाळेजवळ राहणाऱ्यांना आधी प्राधान्य राहते, चौदा किलोमीटरवरून नंबर लागेलच असं नाही. आणि त्या शाळेचा 25 टक्क्यांचा प्रवेश पहिलीपासून आहे का नर्सरीपासून ते पाहा, नर्सरीपासून असेल तर पहिलीला त्या जागा राहत नाहीत. पोराचा जन्म दाखला, आधार, जातीचं प्रमाणपत्र, रहिवासी पुरावा एका फाईलमध्ये ठेवा. वयाची चिंता नको, पहिलीसाठी त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला सहा पूर्ण पाहिजे, तुमचं पोरगं मे मध्येच होते.

आता पोराचं. या दिवसात त्याला हे यावं असं मला वाटते. अनोळखी बाईला 'मला सू लागली' असं सांगता येणं. चड्डीचं बटण, चप्पल, डब्याचं झाकण स्वतःचं स्वतः. आई दोन तास नजरेआड गेली तरी राहता येणं, त्यासाठी मावशीकडं नाहीतर शेजारी सोडून पाहा, आणि चोरून जाऊ नका, सांगून जा, सांगितलेल्या वेळी परत या. दहा रुपये देऊन किराण्यातून काहीतरी आणायला लावा, दुकानदाराशी त्यालाच बोलू द्या. आठवडी बाजारात नेलं तर भाज्यांची नावं, भाव, कोणतं जड कोणतं हलकं हे सगळं बोलत बोलत होते. घरी तूर, हरभरा, मूग एकत्र करून निवडायला द्या, बोटांची पकडही होते अन् मोजणंही. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल असेल घरात, त्याची गोष्ट त्यालाच सांगायला लावा आणि मधात चूक काढू नका. जाड खडू अन् रद्दी कागद द्या, काय काढलं ते विचारा, असं नाही तसं काढ म्हणू नका. एवढं पुरे. नाव इंग्रजीत सांगायला शिकवलं नाही तरी चालते.

भाषेचं तुम्ही फार घाबरून लिहिलं, की भाकरीचं चित्र दाखवलं तर तो 'बाटी' म्हणते आणि तुम्हाला सगळ्यांसमोर याडी, म्हणजे आई, म्हणते. म्हणू द्या ना. घरी गोरमाटी म्हणजे बंजारा बोली, गल्लीत मराठी, टीव्हीवर हिंदी, सहा वर्षाचं लेकरू तीन भाषा चालवते आणि आपण म्हणतो याला काही येत नाही! घरची भाषा पक्की असली की दुसरी भाषा तिच्यावर चढते, म्हणून शक्यतो मातृभाषेतच शिकवावं असं कायद्याच्या कलम 29 मध्येही आहे अन् 2020 च्या धोरणातही पाचवीपर्यंत तेच सुचवलं आहे. त्या दिवशी मॅडमनी विचारलं अन् तो गोरमाटीत बोलला तर त्याला दाबू नका, तुम्ही मराठीत सांगा तो काय म्हणाला ते. मॅडम हसल्या तर शाळेबद्दल तुम्हाला पाहिजे ती माहिती तिथंच मिळाली.

एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली, की तो टीव्हीचा आवाज फार मोठा ठेवते आणि मागून हाक मारली तर पाहत नाही. हे मुलाखतीपेक्षा महत्त्वाचं आहे. मुलाखत पुढं गेली तरी चालेल पण पुसदच्या उपजिल्हा रुग्णालयात कान आधी दाखवा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरोग्य तपासणीचं पथक येते, त्यात कधी काही निघालं होतं का ते अंगणवाडी ताईंना विचारा. कानात मळ असेल, सर्दीचं पाणी असेल, साधंही निघू शकते, पण ऐकू कमी येणारं पोरगं 'लाजाळू' म्हणून वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसते, हे व्हायला नको.

तांड्यावरची जिल्हा परिषद शाळाही जाऊन पाहा, तिला उरलेली शाळा समजू नका. पहिलीत येणाऱ्या पोरांसाठी तिथं 'पहिले पाऊल'चा शाळापूर्व तयारी मेळावा होते, खेळांचे टेबल लावतात, आईला कार्ड देतात घरी काय करून घ्यायचं त्याचं. इंग्लिश शाळेत जाणार असला तरी विचारून त्याला तिथं घेऊन जाजा, चार पोरांत बसायची सवय होईल. गुरुजी चांगले असतील, पोरं वाचताना दिसतील, तर त्या चौदा किलोमीटरचा हिशोब दोघांनी पुन्हा एकदा बसून करा. माझं मत विचारलं तर पहिली-दुसरी घराजवळ, घरच्या भाषेत झालेली मला जास्त पटते, पण तुमची शाळा मी पाहिली नाही, तुम्ही पाहणार आहात.

आणि शाळेनं नाही म्हटलं तर कारण लेखी मागा. आईवडिलांचं शिक्षण किंवा मुलाला उत्तरं आली नाही असं कारण दिलं तर साध्या कागदावर अर्ज लिहून पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, दुसरी प्रत यवतमाळला जिल्हा परिषदेत प्राथमिकच्या शिक्षणाधिकाऱ्यांना, आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. अर्ज कसा लिहायचा ते अडलं तर मला कळवा, मी मसुदा करून देतो. कानाचं काय निघालं तेही कळवा.

तुमचा,
मार्गदर्शक