स्विमिंग पूलमधले पाणी स्किमरच्या खाली गेले असताना तो स्वच्छ कसा ठेवावा, की सरळ रिकामा करावा?

रिकामा करू नका. तुमच्या सोसायटीच्या तलावातली पातळी स्किमरच्या, म्हणजे पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या तोंडाच्या, खाली वीतभर गेली आहे, टँकर मिळत नाही आणि समितीतले काही जण ‘सगळे पाणी सोडून देऊ, आतून घासून घेऊ, पावसाळ्यानंतर भरू’ असे म्हणत आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. स्वच्छतेचे सांगतोच, पण त्याआधी हा दुसरा मुद्दा मला मांडलाच पाहिजे.

२०१६ च्या उन्हाळ्यात पुण्यातल्या आमच्या सोसायटीत नेमका हाच वाद झाला. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होते, मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले होते, आणि अशा वेळी आपल्या आवारात तलाव भरलेला आहे याची लाज सर्वांनाच वाटत होती, मलाही वाटत होती. तेव्हाच्या अध्यक्षांनी सभेत तलाव रिकामा करण्याचा ठराव मांडला. मी पेशाने स्थापत्य अभियंता असल्यामुळे साधा हिशेब समोर ठेवला. तलाव १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल, म्हणजे भरलेला असताना ९०,००० लिटर. पातळी ३० सेंटीमीटर उतरली होती, म्हणजे तूट २१,६०० लिटरची, जेमतेम दोन टँकरची. ती भरता येत नाही म्हणून उरलेले ६८,००० लिटर गटारात सोडायचे आणि पुढे नऊ टँकर मागवायचे, याला पाणी वाचवणे म्हणत नाहीत. पोहणे बंद ठेवा, पाणी राहू द्या, असे मी म्हटले आणि लेखी आक्षेपही दिला. ठराव बहुमताने मंजूर झाला.

जुलैत पाऊस लागला. आमच्याकडे काळी माती आहे आणि तलावाभोवतीचा भराव पाणी धरून ठेवतो. भूजल तळापेक्षा एक मीटर वर चढले की तळाच्या प्रत्येक चौरस मीटरला खालून एक टन दाब बसतो, आणि १५ सेंटीमीटर जाडीच्या काँक्रीटचे वजन चौरस मीटरला पावणेचारशे किलोच्या आसपास असते. उरलेला भार तलावातले पाणीच देत असते. ते काढून घेतल्यावर व्हायचे तेच झाले. खोल बाजूचा तळ फुगला, टाइल्सची एक अख्खी रांग तंबूसारखी उभी राहिली, आजूबाजूच्या टाइल्सवर नाण्याने टकटक केल्यावर पोकळ आवाज येऊ लागला आणि सांध्यांतून नितळ पाण्याची बारीक धार वर येऊ लागली. वॉटरप्रूफिंग नव्याने करावे लागले, त्याची वर्गणी सगळ्या सभासदांवर बसली, आणि इतिवृत्तात ‘टाइल्सचे मूळ काम निकृष्ट’ असे नोंदवले गेले. माझ्या आक्षेपाचा त्यात उल्लेख नाही. टाइल्सचे काम निकृष्ट नव्हते, हे मी आजही ठामपणे सांगतो.

आता स्वच्छतेकडे येतो. पातळी स्किमरच्या खाली गेल्यावर पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. पंपाच्या गाळणीच्या पारदर्शक झाकणाखाली बुडबुडे फिरताना दिसले, तर पंप ताबडतोब बंद करा, नाहीतर मेकॅनिकल सील (पंपाच्या दांड्याभोवती पाणी गळू न देणारे सील) जळते. स्किमरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून फक्त तळाच्या ड्रेनवरून पाणी फिरवा. स्किमर काम करत नसल्यामुळे पृष्ठभागावरचा पालापाचोळा आणि तेलकट थर आपोआप निघणार नाही, तो रोज सकाळी जाळीने हाताने काढावा लागतो. भिंतींवर पाणी जसजसे उतरते तसतसा क्षारांचा पांढरा पट्टा उमटतो आणि त्याखाली शेवाळ धरते. तो पट्टा ओला असतानाच नायलॉनच्या ब्रशने घासा, वाळून घट्ट बसल्यावर फार त्रास देतो. गाळ ओढताना फिल्टरवरचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह ‘वेस्ट’वर ठेवण्याची, म्हणजे ते पाणी थेट गटारात सोडण्याची, अनेकांना सवय असते, ती आता सोडा आणि पाणी फिल्टरमधूनच परत घ्या. बॅकवॉशही, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून फिल्टर धुणेही, ठरलेल्या वारी नको. फिल्टरचा दाब स्वच्छ असतानाच्या दाबापेक्षा ८ ते १० पीएसआयने वाढला तरच करा.

क्लोरिनची मात्रा उरलेल्या पाण्यावर काढा, भरलेल्या तलावावर नाही. मोकळा क्लोरिन १ ते ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ ठेवा. बाष्पीभवनात पाणी जाते, क्षार मागे राहतात, आणि भर बोअरच्या जड पाण्याची असेल तर ब्लीचिंग पावडरमुळे कॅल्शियम आणखी वाढते, म्हणून द्रवरूप हायपोक्लोराइट बरे. दुर्लक्ष मात्र करू नका. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात. पातळी रोज एक सेंटीमीटरपेक्षा जास्त उतरत असेल, तर पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवून दोन्हींची घट ताडून पाहा. तलावाची घट स्पष्टपणे जास्त असेल तर गळती आहे, आणि तिचा दोष उन्हाळ्याला देऊ नये.

काही गोष्टी राहिल्या. पंप केवळ तळाच्या ड्रेनवरून चालू असताना तलावात कोणालाही, विशेषतः मुलांना, अजिबात उतरू देऊ नका, कारण त्या जाळीवरची ओढ जीवघेणी ठरू शकते. ट्रायक्लोरच्या (क्लोरिन देणाऱ्या) गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका, एकाच डब्यातसुद्धा नाही, त्यातून आग लागते. भूजलाचे जे लिहिले ते जमिनीत बांधलेल्या तलावाला लागू आहे, गच्चीवरच्या तलावाला ती भीती नाही. ओव्हरफ्लो पद्धतीच्या तलावात स्किमर नसतो, तिथे काठावरून वाहिलेले पाणी जमा होते तो बॅलन्सिंग टँक कोरडा पडला आहे का ते आधी बघा.

समितीने तरीही रिकामा करायचे ठरवलेच, तर तळात हायड्रोस्टॅटिक रिलीफ व्हॉल्व्ह (भूजलाचा दाब वाढल्यावर ते पाणी तलावात येऊ देणारी झडप) आहे का आणि तो उघडतो का ते तपासायला लावा, शेजारी खड्डा घेऊन भूजल किती खोल आहे ते पाहा, मृगाच्या आत तलाव पुन्हा भरण्याची तारीख ठरावातच लिहून घ्या, आणि तुमचा आक्षेप इतिवृत्तात शब्दशः नोंदवला गेल्याची सहीशिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय सभेतून उठू नका.