मॉर्गनला गुप्त मंडळात बसवण्याआधी

कथेत अमेरिकन बँकर जे. पी. मॉर्गनला गुप्त मंडळाचा सूत्रधार करताय, तर आधी त्याचं खरं आयुष्य वाचा. नोव्हेंबर १९०७ मध्ये, आर्थिक घबराटीच्या काळात, त्यानं न्यूयॉर्कमधल्या आपल्या ग्रंथालयात बँकवाल्यांना बोलावलं, दाराला कुलूप लावलं आणि पैसे उभे करण्याचं कबूल होईपर्यंत कुणाला बाहेर सोडलं नाही. यावर कल्पनेचा मुलामा कशाला हवा?

१९१० ची अमेरिकेतल्या जेकिल बेटावरची बैठकही खरीच; देशाच्या मध्यवर्ती बँकेचा आराखडा तिथे गुपचूप आखला गेला. सिनेटर ऑल्ड्रिचच्या खासगी रेल्वेडब्यातून पाहुणे निघाले, आडनावं उच्चारायची नाहीत असं ठरलं, सबब बदकांच्या शिकारीची. पण मॉर्गन स्वतः तिथे नव्हता. त्याचा भागीदार डेव्हिसन होता. मला विचाराल तर कथा याच जागेत आहे. न आलेल्या माणसाचा धाक प्रत्येकाच्या बोलण्यात येऊ द्या. तारखा मोडू नका: मॉर्गन मार्च १९१३ मध्ये रोममध्ये वारला, फेडरल रिझर्व्हचा, म्हणजे त्या मध्यवर्ती बँकेचा, कायदा डिसेंबरात झाला.

आणि एक कळकळीनं सांगतो. बैठकीला बँकर पॉल वॉरबर्गही होता, ज्यू कुटुंबातला. त्याला पडद्यामागचा राक्षस करू नका. ज्यू लोक पडद्यामागून जगाचा पैसा चालवतात, या जुन्या विषारी अफवेनं खऱ्या माणसांचे बळी घेतले आहेत. कट रचायचाच, तर तो हव्यासातून रचा, वंशातून नाही.