साताऱ्यातल्या माजी सैनिकांच्या मेळाव्याला वडिलांसोबत आईला न्यावं का?

तुमचे वडील फौजेच्या सिग्नल्स (संदेशवहन) शाखेतून २००४ साली हवालदार म्हणून पेन्शन आले. जिल्ह्याच्या माजी सैनिक संघटनेचा शनिवार-रविवार स्नेहमेळावा साताऱ्यात आहे. ‘मी एकटाच जातो, बायकांचं तिथं काय काम’ असं ते म्हणतात. तुम्ही विचारताय की दोन दिवस तिथं चालतं तरी काय, आईला न्यावं का, आणि तुमच्यासारख्या सिव्हिलियन मुलानं गेलेलं चालतं का.

आईला न्याच. वडील नको म्हणाले तरी न्या.

मी फौजेत क्लार्क होतो. मेळाव्यात भाषणं करणारे वेगळे असतात, मी मागे कागदपत्रांच्या टेबलावर बसतो. त्यामुळे माझं मत थोडं एकांगी वाटेल. वाटू दे.

आधी एवढं लक्षात घ्या की पलटणीचं रीयुनियन आणि जिल्ह्याचा मेळावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पलटणीचं रीयुनियन रेझिंग डेला (स्थापनादिनी) किंवा सेंटरला (रेजिमेंटच्या मुख्य ठिकाणी) भरतं, मराठा लाइट इन्फंट्रीवाले असतील तर बेळगावला. तिथं सगळे एका लंगरात जेवलेले. जिल्ह्याच्या मेळाव्यात मराठा आणि महार रेजिमेंट, तोफखाना, ईएमई (यंत्रदुरुस्तीवाले), एएससी (रसदवाले), सिग्नल्स असे सगळे एकत्र येतात आणि निम्मे एकमेकांना ओळखतही नसतात. म्हणून तिथं नाव कुणी विचारत नाही. आधी ‘कुठली पलटण?’ आणि लगेच ‘गाव कुठलं?’ साताऱ्यात हा दुसरा प्रश्नही तेवढाच वजनदार, कारण या जिल्ह्यात घराणीच्या घराणी फौजेत गेलेली आहेत. अपशिंग्याला ‘मिलिटरी’ हे बिरूद उगाच चिकटलेलं नाही. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण परत आले नाहीत, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. देशातली पहिली सैनिक शाळासुद्धा २३ जून १९६१ ला साताऱ्यातच सुरू झाली. तेव्हा वडिलांना तिथं एकटं वाटेल ही काळजी सोडा. अर्ध्या तासात त्यांच्या शेजारगावच्या कुणाचा तरी मेहुणा सापडतो आणि मग ते तुमच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

शनिवारी सकाळी नोंदणी, चहा, पोहे. मग मागच्या मेळाव्यानंतर जे गेले त्यांची नावं वाचली जातात. हुद्दा, नाव, पलटण, गाव, एवढंच. हे मात्र चुकवू नका. ऐंशीच्या घरातली, गुडघे गेलेली माणसं त्या वेळी खुर्चीतून उठतात. एक आजोबा दरवेळी काठी डाव्या बगलेत दाबून सावधानमध्ये उभे राहतात, अंगठा बरोबर पँटच्या शिवणीवर. नातू धरायला गेला तर डोळ्यांनीच त्याला मागे सारतात.

रात्री बडाखाना, म्हणजे सगळ्यांचं एकत्र जेवण. मटण, भाकरी, वर कंदी पेढे. मेळावा भरतो त्या कार्यालयात दारूला सक्त मनाई असते. पार्किंगमध्ये डिक्या का उघडतात ते मी कधी चौकशी करून पाहिलेलं नाही. या वेळी वडिलांच्या जवळपास बसा. घरी चार शब्द बोलणारा माणूस तिथं फौजी हिंदीत तासभर बोलतो. २००४ ला पेन्शन आले म्हणजे संसदेवरच्या हल्ल्यानंतर, डिसेंबर २००१ पासून जे सैन्य सीमेवर जाऊन दहा महिने बसलं, त्या वेळी ते नोकरीत असणार. सिग्नल्सवाल्यांनी तेव्हा केबल कशी ओढली, ती कुणी तोडली, कुठल्या साहेबाचा फोन लागला नाही म्हणून कुणाला रगडा लागला, असले किस्से निघतील. हसा, ऐका, मध्येच मोबाइल काढून रेकॉर्डिंग करू नका. श्रीलंकेत १९८७ ते १९९० मध्ये शांतिसेनेतून जाऊन आलेले त्या मानाने गप्प असतात. त्यांना ‘काका, तिथं काय झालं होतं?’ म्हणून छेडू नये. आणि ‘किती मारले?’ हा प्रश्न तर कुणालाच नाही.

रविवारी झेंडावंदन, पाहुणे, शाल-श्रीफळ. वीरपत्नी आणि वीरमातांचा सत्कार असतो, तेवढा मनापासून होतो. बाकी भाषणांत पहिल्या दहा मिनिटांत छत्रपतींचं नाव आणि शेवटच्या दहा मिनिटांत निवडणूक. मधल्या वेळात पोवई नाक्यावर चक्कर मारून आलात तरी काही बुडत नाही.

आता आईचं. शनिवारी जेवणं झाली की मागच्या खोलीत आमची टेबलं लागतात. पेन्शन, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना), रेकॉर्ड दुरुस्ती. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातलं कुणी आलं तर बरंच, नाहीतर आम्ही जुने क्लार्क असतोच. तिथं जे दिसतं त्यावरून सांगतो, फौजीच्या कागदातल्या चुका तो जिवंत असेपर्यंत कुणालाच त्रास देत नाहीत. त्याची पेन्शन वेळेवर येते, कॅन्टीन कार्ड चालतं, सगळं आलबेल. तो गेला की बायको फॅमिली पेन्शनसाठी उभी राहते आणि तेव्हा कळतं की रेकॉर्डमध्ये जी बाई आहे ती ही नव्हेच.

एक वहिनी आल्या होत्या. साडीच्या दुकानाच्या पिशवीत नवऱ्याचं डिस्चार्ज बुक (फौज सोडताना मिळणारं नोंदींचं पुस्तक), वर रबर बँड. पुस्तकात पत्नीचं नाव होतं ते लग्नात तांदळात काढलेलं, सासरचं. आधार कार्ड काढलं तेव्हा त्यांनी शाळेचा दाखला दिलेला, त्यावर माहेरचं. बँकेत तिसरंच, घरातलं हाक मारायचं नाव. जन्मतारीख मात्र दोन्हीकडे १ जून. ती बघून मी हसलो, कारण नवऱ्याचीही १ जून आणि माझीसुद्धा १ जून. आपल्याकडे त्या काळी शाळेत नाव घालताना गुरुजींनी अख्ख्या पिढीला एकाच दिवशी जन्माला घातलंय. पण वर्ष वेगळं होतं, त्यात चार वर्षांचा फरक. नवरा शेजारीच बसलेला, धडधाकट, आणि म्हणतो कसा, ‘एवढ्यासाठी कशाला आणलं मला, हिचं काम आहे ना?’ मी म्हटलं, ‘हवालदार, सही तुमची लागते. तुम्ही आहात तोवरच हे सोपं आहे.’

खरंच सोपं असतं. माजी सैनिकाचा अर्ज, दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, जोडीचा फोटो, आणि हे सगळं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे फौजेच्या जिथं सैनिकांच्या नोंदी असतात तिथं. वेळ लागतो, पण माणूस स्वतः सांगतोय की ही माझी बायको, त्यावर फारसा कुणी वाद घालत नाही. तो गेल्यावर हेच सिद्ध करायला ती बाई सरपंचाचा दाखला, राजपत्रात नावाची जाहिरात, नोटरी, पुन्हा रेकॉर्ड ऑफिस अशा चकरा मारते. घरात दुखवटा असतो आणि हातात पैसा नसतो.

आणि पैशाचा विषय निघालाच आहे तर तोही आईसमोर होऊ दे. पेन्शनर गेल्यावर फॅमिली पेन्शन सुरुवातीला शेवटच्या पगाराच्या ५० टक्के या वाढीव दराने मिळते, ती सात वर्षं किंवा पेन्शनर ६७ वर्षांचा झाला असता तोवर, यात जे आधी येईल ते. पुढे ३० टक्के. हे निम्म्या बायकांना माहीत नसतं. रक्कम एकदम उतरली की त्यांना वाटतं बँकेनं काहीतरी घोळ घातला. वन रँक वन पेन्शन (हुद्दा आणि सर्व्हिस सारखी तर पेन्शनही सारखी, निवृत्ती कधीचीही असो) १ जुलै २०१४ पासून लागू झाली, पुढची सुधारणा २०१९ च्या आणि त्यानंतरची २०२४ च्या १ जुलैपासून. ती फॅमिली पेन्शनलाही लागू आहे. वडिलांचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणा, हुद्दा, ग्रुप (ट्रेडचा पगारगट) आणि सर्व्हिस बघून तक्त्याशी ताडून देतो. पेन्शनचं खातं दोघांच्या नावावर ठेवता येतं, तेही अजून एकट्याचं असेल तर बदलून घ्या.

घरात कुणी भाऊ-बहीण दिव्यांग असेल तर लाज न धरता सांगा. स्वतःच्या पायावर उभं राहू न शकणाऱ्या अपत्याला फॅमिली पेन्शन आयुष्यभर मिळू शकते, पण वैद्यकीय प्रमाणपत्र आणि रेकॉर्डमधली नोंद आईवडिलांच्या हयातीत झालेली बरी. आमच्याकडची माणसं हे टेबलावर कधीच सांगत नाहीत. सगळे उठून गेले की हळूच येतात.

ईसीएचएसचं म्हणाल तर ती योजना १ एप्रिल २००३ पासून आहे आणि वडील त्यानंतर पेन्शन आले, म्हणजे सभासद असणारच. आईचं कार्ड मात्र वेगळं असतं. ते आहे का, जुनं आहे का, हे वडिलांना विचारलंत तर ‘असेल कपाटात’ एवढंच उत्तर येईल. कपाट तुम्हीच उघडा. डिस्चार्ज बुक, पीपीओ, दोघांची आधार आणि पॅन कार्डं, बँक पासबुक, आईचा शाळेचा दाखला असेल तर तो, आणि दोघांचे एकत्र फोटो. मूळ डिस्चार्ज बुक कुणाच्याही हातात सोडून जायचं नाही, माझ्यासुद्धा. झेरॉक्स घरूनच करून आणा. रविवारी जवळपासची दुकानं बंद असतात आणि मग आमच्याकडे रांग लागते.

तुमचं स्वतःचं काम काय, तर मोबाइल. पेन्शनचं सगळं आता ‘स्पर्श’ या फौजी पेन्शनच्या पोर्टलवर आहे. वर्षातून एकदा हयातीचा दाखलाही ऑनलाइन देता येतो, आणि प्रत्येक पायरीला ओटीपी लागतो. तो जातो रजिस्टर केलेल्या नंबरवर, आणि बऱ्याच काकांचा नंबर पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाचा असतो. मुलगा मीटिंगमध्ये, काका टेबलावर, मी दोघांच्या मध्ये. वडिलांच्या खात्याला तुमचाच नंबर असेल तर तुम्ही यायलाच हवं. शिवाय तरुण माणूस दिसला की शेजारचे दहा जण आपापले फोन तुमच्या हातात देतील, ‘बाळा, हे बघ जरा काय म्हणतंय’ म्हणून. चार्जर घेऊन या. कार्यालयात प्लगचे सॉकेट दोनच आहेत आणि त्यातलं एक माइकवाल्याकडे असतं.