वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या परीक्षेत ‘पेशंट’ व्हायचं असेल तर नाटकाचा अनुभव लागतो का? किती पैसे मिळतात?

अनुभव असेल तर बरं, पण तो आवरता आला पाहिजे. आमच्या मंडळाच्या दिग्दर्शकांना हे अजून पटत नाही, म्हणून लिहितोय.

आम्ही गोव्यातल्या फोंड्याकडचे, जत्रेच्या नाटकांत कामं करणारे. एका कॉलेजने आम्हा दोघांना परीक्षेसाठी बोलावलं. केस एकच: कदंबचा, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचा, निवृत्त ड्रायव्हर, छातीत दुखतंय, कळ डाव्या हातात जाते. रोजची फेणी विचारली तरच सांगायची. प्रत्येक विद्यार्थ्याला तेच, तेवढंच. घंटा वाजली की दुसरा विद्यार्थी, आणि आपण पुन्हा पहिल्यापासून.

मी एका खोलीत, दिग्दर्शक शेजारच्या. पहिल्या मुलीपुढे ते छाती धरून कोसळले. दुसऱ्यापुढे लेकीच्या लग्नाची काळजी काढून रडले. ही लेक केसमध्ये नव्हतीच. तिसऱ्याला फेणीचं आपणहून सांगून मोकळे. त्या बिचाऱ्याचे दोन प्रश्न होतात न होतात तोच घंटा! जेवणानंतर परीक्षा घेणाऱ्या मॅडमनी त्यांना बसवलं नाही. ‘ह्यांना अभिनय कळत नाही,’ हे आम्ही दिग्दर्शकांकडून आजही तालमीला ऐकतो.

अहो, तिथे परीक्षा त्या पोरांची असते, तुमची नव्हे. शिकवून तयार केलेला ‘पेशंट’ बसवायची ही पद्धत 1963 साली लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने सुरू केली. ते एका खऱ्या रुग्णाचा किस्सा सांगत: परीक्षार्थी डॉक्टर उद्धटपणे वागला, म्हणून ह्याने सूड म्हणून आपली लक्षणं दुसऱ्या पायात हलवली. एकाला एक रुग्ण आणि दुसऱ्याला भलताच, मग गुण कसे द्यायचे? आमच्या दिग्दर्शकांनी नेमकं तेच केलं, तेही टाळ्यांच्या आशेने.

अभिनय इथेही लागतो. सरावात एक मुलगा मान खाली घालून नुसता लिहीत होता. नंतर भूमिकेतून बाहेर येऊन मी त्याला म्हटलं, ‘बाबा, तू वर बघितलंच नाहीस, मग फेणीचं कुणाला सांगू?’ पुढच्या खेपेला त्याने पेन खाली ठेवून विचारलं. कला अकादमीच्या स्पर्धेतल्या बक्षिसाइतकंच मला ते मोठं वाटतं.

तेव्हा जरूर जा. सगळंच नटाला जमत नाही, हेही खरं; पोटातली वाढलेली प्लीहा (पाणथरी) तपासताना हाताला लागायची तर खरा रुग्णच हवा. मानधन आधी विचारून घ्या. आणि कुणी दिग्दर्शक ‘ही नक्कल आहे’ म्हणाला, तर त्याला सांगा: तीच कळ, त्याच जागी, दिवसभर काढून दाखवा.