बाजू संपत आली की आवाज फाटतो, मग कार्ट्रिज कोणतं घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑडिओ-टेक्निकाचा एलपी120एक्स रेकॉर्ड प्लेअर, त्यावर मूळचं एटी-व्हीएम95ई कार्ट्रिज (सुई जिला जोडलेली असते ती, सुईच्या थरथरीचा विद्युत संकेत करणारी डबी), वडिलांच्या ख्यालाच्या एलपी आणि थोड्या 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या. बाजू संपत आली की 'स', 'श' फाटतात. दुकानदार म्हणतो मूव्हिंग कॉइल, म्हणजे सुईबरोबर तारेचं वेटोळं हलतं असं कार्ट्रिज घ्या.

घेऊ नका. माझं मत विचाराल तर कार्ट्रिजसुद्धा बदलू नका, नुसती सुई बदला.

आधी रोग समजून घ्या. एलपी मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या वेगाने फिरते. कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 51 सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम 21. म्हणजे तेवढंच संगीत निम्म्याहूनही कमी जागेत कोंबलेलं असतं, आणि ती बारीक वळणं 'ई'च्या साध्या लंबगोल सुईला नीट वाचता येत नाहीत. आपल्या शास्त्रीय रेकॉर्डवर तर हे जास्तच जाणवतं. पाश्चात्त्य अल्बममध्ये शेवटी एखादं संथ गाणं टाकून वेळ मारून नेता येते. ख्यालात ती सोय कुठली? विलंबित आरामात कडेला होतं, आणि द्रुत, ताना, तराणा नेमके आतल्या खाचांत येतात. वीस-बावीस मिनिटांची बाजू असेल तर लेबलाला टेकेपर्यंत.

व्हीएम95 मालिकेची गंमत अशी की सगळ्यांचं अंग एकच, फरक फक्त सुईत. पुढचा भाग ओढून काढायचा, दुसरा बसवायचा. त्यातली 'एमएल', म्हणजे मायक्रोलिनिअर सुई घ्या. तिची वाचणारी कड फार अरुंद असते, त्यामुळे आतल्या खाचाही ती सावरते. महाग आहे, पण कंपनीच्या आकड्यांनुसार लंबगोल सुई 300 तास चालते आणि ही 1000, तेव्हा हिशेब काही वाईट नाही. माझ्याकडे हीच आहे आणि द्रुत तानांत फरक स्पष्ट कळतो. मात्र पूर्वी जड सुईच्या प्लेअरवर खाचच खरवडली गेली असेल, तर कुठलीही सुई ती भरून काढणार नाही.

मूव्हिंग कॉइल वाईट असतं असं मुळीच नाही. डेनॉनचं डीएल-103 साठच्या दशकात जपानच्या एनएचके नभोवाणीसाठी बनवलं गेलं आणि अजून विकलं जातं. पण त्यातून निघतात जेमतेम 0.3 मिलिव्होल्ट, तुमच्या आत्ताच्या कार्ट्रिजमधून 4. प्लेअरमध्ये बसवलेला फोनो प्रीॲम्प (कार्ट्रिजचा क्षीण संकेत वाढवणारा भाग) मूव्हिंग मॅग्नेटसाठी, म्हणजे तुमच्यासारख्या चुंबक हलणाऱ्या कार्ट्रिजसाठी आहे, तेव्हा वेगळा प्रीॲम्प किंवा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल. वर सुई झिजली की घरी बदलता येत नाही, अख्खं कार्ट्रिज पाठवा किंवा नवं घ्या. शिवाय डीएल-103 ची सुई गोल टोकाची आहे. तुमच्या दुखण्यावर ते औषधच नव्हे.

सुई मागवण्याआधी एक काम करा. छोटा डिजिटल वजनकाटा घ्या आणि सुईचं तबकडीवर पडणारं वजन 2 ग्रॅम आहे ना ते बघा. मग अलाइनमेंटचा, म्हणजे कार्ट्रिजचा कोन जुळवायचा रेघांचा कागद छापून कार्ट्रिज सरळ बसलंय का तपासा. वजन हलकं पडलं की 'स' हमखास फाटतो, आणि लोक उगाच नवं कार्ट्रिज घेतात.

आता 78 च्या तबकड्या. एमएल सुई त्यांच्यावर चुकूनही ठेवू नका. त्यांची खाच कितीतरी रुंद, त्यांना साधारण 3 मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) टोक लागतं. एलपीची सुई तळाशी जाऊन नुसती खडखडते आणि लाखेच्या मिश्रणातल्या भुकटीवर झिजते. याच अंगावर बसणारी 'एसपी' सुई मिळते, तिला 5 ग्रॅम वजन लागतं. ते आर्मवरच्या (सुई धरणाऱ्या दांड्यावरच्या) आकड्यांवर विसंबून न लावता काट्यावर मोजा, आणि पुन्हा एलपी लावताना 2 वर आणायला विसरू नका. एलपी पुसायचं अल्कोहोल असलेलं द्रावण या तबकड्यांना लावू नका, लाख विरघळते. जरा ओलसर मऊ कापड पुरे, तेही लेबल सांभाळून.