विचारा बिनधास्त: तिकडचा पाडला, मग आपला जेजे का नाही?

प्रश्न: मी माझगावहून रोज बाइकने फोर्टला जातो. जेजे पुलावर बाइकला बंदी म्हणून खालून मोहम्मद अली रोडने जावं लागतं, हातगाड्या, डबल पार्किंग, आणि पावसाळ्यात पुलाच्या पाइपातलं पाणी बरोब्बर हेल्मेटवर. भाचा सॅन फ्रान्सिस्कोला असतो, तो म्हणतो तिकडे असाच एक पूल होता तो पाडून टाकला. मग आपला का नाही पाडत? (एक वाचक, माझगाव)

उत्तर: भाच्याचं खरंय, पण त्याने अर्धीच गोष्ट सांगितलीय. तो एम्बार्काडेरो फ्रीवे. दुमजली, जेमतेम 2 किलोमीटरचा, बंदराच्या कडेने जाणारा, 1959 ला सुरू झाला आणि त्याच्यामागे त्यांची ती घड्याळाच्या टॉवरवाली फेरी बिल्डिंग झाकली गेली. लोक इतके भडकले की त्याच वर्षी आखलेल्या 10 फ्रीवेंपैकी 7 शहराने रद्द केले, त्यामुळे हाही पुढे गेलाच नाही, मध्येच तुटल्यासारखा संपायचा. तरी 1986 ला पाडायचा का म्हणून मतदान घेतलं तेव्हा लोकांनीच नको म्हटलं! पाडला तो भूकंपामुळे. ऑक्टोबर 1989 चा, त्यात पलीकडे ओकलंडचा असाच दुमजली रस्ता कोसळून 42 माणसं गेली. याला तडे गेले, मग महापौर आर्ट अ‍ॅग्नोस यांनी पाडायचं ठरवलं, चायनाटाउनचे दुकानदार धंदा बसेल म्हणून त्यांच्यावर चिडले आणि 1991 च्या निवडणुकीत ते पडले. आता तिथे ताडाची झाडं आणि ट्राम.

आता आपला. जेजे 2002 पासून आहे, अडीच किलोमीटरच्या आसपास, क्रॉफर्ड मार्केटजवळ चढलात की जेजे हॉस्पिटलपाशी उतरता. हा अर्धवट नाहीये, पूर्ण आहे, हाच फरक. पाडलात तर वरच्या सगळ्या गाड्या तुमच्या त्याच हातगाड्यांमध्ये येतील, मग हेल्मेटवर पाणी पडलं तरी चालेल असं वाटेल तुम्हाला.

बाकी तुमचा राग मला पटतो. बेस्टच्या बसमधून या पुलावरून जाताना मी कितीदा पाहिलंय, दुसऱ्या मजल्याची खिडकी, आत ट्यूबलाइट, बनियनवर दाढी करणारा माणूस, बस एवढी जवळून जाते की हात लांब केला तर त्याचा टॉवेल ओढता येईल. त्याला हा पूल काय देतो? धूर आणि हॉर्न. आणि तुम्हाला तर वर चढूही देत नाहीत, वळणांवर अपघात व्हायला लागले म्हणून 2010 ला बाइक बंद केल्या, पूल सरळ करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. ईस्टर्न फ्रीवेवर पण तेच, आपण कारवाले नाही ना. मी असतो तर डॉकयार्ड रोडने पी डिमेलो रोड धरला असता, तिथे ट्रक आहेत पण निदान डोक्यावर आकाश आहे.

प्रश्न: जेजे पुलाचं खरं नाव काय? (एक वाचक, परळ)

उत्तर: कुत्ब-ए-कोकण मखदूम अली माहिमी पूल. माहीमच्या दर्ग्याचे संत, ज्यांच्या उरुसाला पहिली चादर मुंबई पोलीस चढवतात, ते. पण टॅक्सीवाल्याला हे नाव सांगून बघा, तो तुम्हाला माहीमला नेऊन सोडेल.