बरबँकला पहिल्यांदा जाताना

शुक्रवारी लॉस एंजेलिसजवळच्या बरबँकमधल्या बॉब्स बिग बॉय या रेस्टॉरंटला जुन्या गाड्या बघायला जाणार असशील तर उजेड असतानाच पोहोच. उशीर झाला की पार्किंगसाठी गल्ल्या पालथ्या घालाव्या लागतात. गाडीला हात लावायचा नाही, आणि पट्ट्याचं बकल सांभाळ. रंगावर चरा उमटला तर मालकाचं तोंड बघवत नाही! "केवढ्याला पडली?" हा आपला लाडका प्रश्न गिळून टाक. त्यापेक्षा 1932 ची फोर्ड दिसली की इंजिन मूळचं फ्लॅटहेड व्ही-8 (V आकारात आठ सिलिंडर) आहे की नंतर बसवलेलं शेवरोलेचं, ते विचार. गाडीचे मालक आजोबा अर्धा तास सोडणार नाहीत. फ्लॅटहेडचे व्हॉल्व्ह (झडपा) ब्लॉकमध्येच, म्हणजे इंजिनच्या मुख्य सांगाड्यातच असतात, म्हणून वरचं हेड नुसतं सपाट झाकणासारखं दिसतं. सुरुवातीला एवढं ओळखता आलं तरी खूप. निघताना मात्र इंजिन उगाच रेस करू नकोस, शेजारी लोक राहतात.